सोमारीची सुट्टी

सोमारीला कुर्माघरात जायला आवडायचं. ही गोष्ट तिने कधी कोणाला सांगितली नव्हती, कारण सांगितली असती तर लोकांनी तिला वेडी म्हटलं असतं.

तिचं गाव कोसीटोला, धानोऱ्याच्या पुढे जंगलात. गावाबाहेर नाल्याच्या चढावर कुर्माघराची झोपडी होती. मातीच्या भिंती, वर कवेलूंचं छप्पर, दाराऐवजी बांबूचा ताटवा. पाळी आली की बाईने घरातलं काही शिवायचं नाही, आपली ताटली-पेला घेऊन थेट तिथे जायचं आणि चार-पाच दिवसांनी अंघोळ करून परत यायचं. गाव आणि झोपडी यांच्या मधोमध एक उभा दगड होता. घरची कोणीतरी बाई भाताचा डबा तिथवर आणून ठेवी आणि मागे फिरे. पुरुषांनी दगड ओलांडायचा नाही, त्या बाजूला बघायचंसुद्धा नाही. बघितलं तर गावावर देव कोपतो, अशी समजूत होती. सोमारीचा सासरा सुकलू गावाचा गायता, म्हणजे पुजारी होता, त्यामुळे तिच्या घरी हे सगळं जरा जास्तच कडक होतं.

झोपडी वाईटच होती. पावसाळ्यात गळायची, उन्हाळ्यात विंचू निघायचे. आजारी बाईला तिथे कण्हत पडून राहावं लागे. सोमारीने तिथे एका बाईला रक्त जाऊन जाऊन पांढरी पडताना पाहिलं होतं. तरीही महिना भरत आला की तिला बरं वाटू लागे. घरी तिचा दिवस कोंबड्याच्या आधी सुरू व्हायचा. सडा, पाणी, सासऱ्याची पेज, बैल, रोवणी, निंदण, मोहाच्या दिवसांत मोहफुलं, तेंदूच्या दिवसांत पानं. नवरा कोलू चांगला माणूस होता. दारू प्यायला तरी हात उचलायचा नाही. फक्त सोमारी बसलेली दिसली की त्याला काहीतरी आठवायचं. "ते दोर कुठी ठेवला?" "बैलाले पाणी दाखवलं का?" त्यात त्याची काही वाईट बुद्धी नव्हती. बसलेली बाई त्याने लहानपणापासून पाहिलेलीच नव्हती.

कुर्माघरात सोमारी आधी झोपायची. पहिला दिवस तर सबंध झोपेतच जायचा. मग जाग आली की सासूच्या हातचा भात खायची, आपण न रांधलेला. दुपारी झोपडीच्या मागून खाली नाल्यावर जायची. तिथे अर्जुनाच्या झाडांखाली खोल डोह होता. लहानपणी माहेरी ती पोरांबरोबर पोहायची. लग्नानंतर ते सुटलं, कारण सासरच्या नाल्यावर कोण ना कोण असायचंच. या डोहावर मात्र कोणी येत नसे. बाटलेल्या बायांची जागा म्हणून माणसं लांबूनच वाट बदलायची. सोमारी लुगडं काठावर ठेवून पाण्यात उतरायची आणि बोटं पांढरी पडेपर्यंत पोहत राहायची. हाक मारणारं कोणी नसायचं.

ती चाळिशीला आली तेव्हा घरात धाकटी जाऊ आली. कोलूचा धाकटा भाऊ दिनेश, त्याची बायको दिव्या, आश्रमशाळेत राहून बारावीपर्यंत शिकलेली. वसतिगृहात असलं काही पाळत नसत आणि तिच्या माहेरच्या गावाने तर कुर्माघर कधीचं पाडून टाकलं होतं. पहिल्यांदा तिला तिथे पाठवलं तेव्हा ती सबंध वेळ भिंतीला टेकून बसून राहिली. आडवी झाली नाही की जेवली नाही.

"बाई, तुमी इथी निजता कशा?" तिने तिथेच असलेल्या सोमारीला विचारलं.

"डोळे मिटून."

"मले तर ढोरासारखं वाटते. ढोरं तरी गोठ्यात बांधतात."

सोमारीने तिच्याकडे डबा सरकवला. पोरगी म्हणते ते खरं आहे, हे तिला कळत होतं.

दिव्या गप्प बसणारी नव्हती. घरी आली की दिनेशशी भांडायची. तो म्हणायचा, "बाबा गायता हायेत. मी काय करू?" मग ती गावातल्या बायांना गाठायची, मोबाइलवर दुसऱ्या गावांचे व्हिडिओ दाखवायची. बाया बघायच्या, हं हं म्हणायच्या आणि आपापल्या कामाला लागायच्या.

त्या वर्षी होळीच्या आसपास सोमारीची पाळी थांबली. आधी एक महिना चुकली, मग दुसरा. अंगातून वाफा निघाल्यासारखं व्हायचं, रात्री घाम फुटायचा. आपले दिवस सरले, हे तिला समजलं. गावात असं झालं की बाया म्हणतात, मोकळी झाली. पूजेच्या जागी जाता येतं, सणाच्या दिवशी बाहेर बसावं लागत नाही. तिच्या वयाच्या बाया या दिवसाची वाट बघत होत्या.

सोमारी दोन दिवस विचार करत राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने कोपऱ्यातली ताटली-पेला उचलला आणि सासूला नेहमीसारखं म्हणाली, "मी जातो."

सासूने मान हलवली. कोलूने कुऱ्हाडीला धार लावता लावता तोंड फिरवलं. तिला कोणी काही विचारलं नाही.

पुढच्या महिन्यात ती पुन्हा गेली, त्याच्या पुढच्याही. तेंदूची पानं तोडायच्या ऐन गर्दीत गेली तेव्हा सासू कुरकुरली, पण अडवणार कशी? आडकाठी केली तर देवाचंच मोडल्यासारखं झालं असतं. सोमारीला वाईट वाटायचं. सासऱ्यासमोरून जाताना तिची नजर खाली जायची. मग डोहात उतरली की विसरायची.

दिव्याला कळलं ते ज्येष्ठात. त्या वेळी दोघी एकत्रच होत्या. दिव्याने आपले कपडे धुऊन बाभळीवर वाळत टाकले आणि ती सोमारीकडे बघत उभी राहिली.

"बाई, तुमचं काहीच वाळत नाई. मागच्या महिन्यातबी नव्हतं."

सोमारी शिंदीच्या पानांची चटई विणत होती. तिचे हात थांबले.

"तुमाले पाळी येत नाई ना आता?"

"हळू बोल."

दिव्या खाली बसली. आधी तिला हसू आलं. मग सोमारीचा चेहरा बघून ती थांबली.

"मी इथून सुटाले जीव टाकून राह्यली, अन् तुमी खोटं बोलून येता? काऊन?"

"तुले सुटून कुठी जाचं हाय?"

"घरी."

"मी घरूनच येऊन राह्यली," सोमारी म्हणाली.

दिव्याला हे पटलं नाही. तिला राग आला. सोमारीसारख्या मोठ्या बाईने एकदा तोंड उघडलं असतं, हे कुर्माघर नको म्हटलं असतं, तर गावाने ऐकलं असतं असं तिला वाटत होतं. तसं ती बोललीही. पण तिने कोणाला सांगितलं नाही. दुपारी सोमारी नाल्याकडे निघाली तेव्हा ती तिच्यामागून गेली आणि काठावर बसून बघत राहिली. सोमारी पाण्यातून म्हणाली, "ये." दिव्या म्हणाली, "मले नाई येत पोहता." ती पाय सोडून बसली. त्या दिवसानंतर त्या विषयावर दोघी बोलल्या नाहीत.

श्रावणात पाऊस लागून राहिला. कुर्माघराची मागची भिंत ओलीने फुगली, खाली एक भोक पडलं. दिव्याने दिनेशला सांगितलं, दिनेशने बापाला. सुकलू म्हणाला, बायांनी आतून माती लावून घ्यावी. बायांनी माती लावली, पण ती वाळलीच नाही.

त्या वेळी झोपडीत तिघी होत्या. सोमारी, दिव्या आणि शेजारच्या घरातली पुनम, जेमतेम पंधरा वर्षांची. पुनम भिंतीच्या बाजूला झोपली होती. उजाडता उजाडता ती उठून बसली आणि म्हणाली, पोटात दुखते. थोड्या वेळाने म्हणाली, गिळता येत नाही. दिव्याने मोबाइलचा उजेड तिच्या तोंडावर धरला. पुनमच्या पापण्या झोपेने मिटाव्या तशा खाली येत होत्या, आणि ती त्या बोटांनी वर करायचा प्रयत्न करत होती. उजेड फिरवला तेव्हा भिंतीच्या भोकाशी मण्यार साप दिसला. काळाभोर, अंगावर पांढरे पट्टे.

दिव्या धावत दगडापर्यंत गेली आणि तिथून ओरडली. माणसं गोळा झाली. पुनमचा बाप आला, सुकलू आला, दिनेश मोटारसायकल घेऊन आला. सगळे दगडाच्या अलीकडे थांबले. दिव्या आणि सोमारीने पुनमला उचलून दगडाशी आणलं. तिचे ओठ सुजल्यासारखे दिसत होते आणि तोंडातून लाळ येत होती.

दवाखान्याच्या गाडीला फोन लावला, पण नाल्याच्या रपट्यावरून, म्हणजे ठेंगण्या पुलावरून, पाणी वाहत होतं, चारचाकी अलीकडे येऊ शकत नव्हती. मोटारसायकल ढकलत काढता आली असती. पुनमला स्वतःहून बसता येत नव्हतं. तिला मागून कोणीतरी धरायला हवं होतं, आणि बाटलेल्या पोरीला पुरुषाने धरायचं नव्हतं.

"मी धरतो," दिव्या म्हणाली.

सुकलू म्हणाला, "वाट देवाच्या जागेवरून जाते. पोरगी लहान हाय, तिचं मी निस्तरतो. पण दोघी बाटलेल्या नाई नेता येत. चांगल्या अंगाची बाई पाहा."

तो काही दुष्टपणाने बोलत नव्हता. गावात ताप आला, वाघाने ढोर नेलं, तर लोक त्याच्याच दारात येत. तिथे चार-पाच बाया उभ्या होत्या. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. पुनमची आई माहेरी गेलेली होती. एक बाई पुढे झाली, पण तिच्या सासूने तिचा पदर धरला.

"मी धरतो," सोमारी म्हणाली.

"तू बाटली हायस," कोलू म्हणाला.

"मी नाई. माझं होळीपासून बंद हाय."

कोणाला काही समजेना. सोमारी दगड ओलांडून आली, पुनमला दिनेशच्या मागे बसवलं आणि स्वतः तिच्या मागे बसून तिला दोन्ही हातांनी कवेत घेतलं. "चाल," ती दिनेशला म्हणाली. दिनेशने बापाकडे पाहिलं. मग त्याने गाडी सुरू केली.

रपट्यावर पाणी मांडीपर्यंत होतं. दिनेशने आणि मागून पळत आलेल्या पुनमच्या बापाने गाडी ढकलली, सोमारीने पोरीला खांद्यावर घेतलं. पाण्याची ओढ तिला ओळखीची होती, ती पाय रोवून तिरकी चालत गेली. पलीकडे दवाखान्याची गाडी उभी होती. धानोऱ्याहून पुनमला गडचिरोलीला नेलं. तिथे तिला श्वासाच्या यंत्रावर ठेवलं. ती वाचली. आठवड्याभराने घरी आली तेव्हा तिचा आवाज बसलेला होता, पण ती चालत आली.

गावात चर्चा झाली ती मात्र सोमारीची. पाळी नसलेली बाई कुर्माघरात कशाला जाते? एखादी बाई बाटलेली असून घरात शिरली असती तर काय करायचं, हे सगळ्यांना माहीत होतं. बाटलेली नसून बाहेर गेली, याला काय म्हणायचं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी लोकांनी त्यातल्या त्यात समजणारं कारण शोधलं.

कोलूने एका संध्याकाळी बैल बांधून झाल्यावर विचारलं, "कोनाले भेटाले जात होती?"

"कोनालेच नाई."

"मंग?"

"निजाले जात होती."

"घरी काय निजाले जागा नाई?"

सोमारीने त्याच्याकडे पाहिलं. जागा होती. तिने सांगून पाहिलं, डोहाचं, पोहण्याचं, दुपारच्या झोपेचं. कोलू ऐकत होता. त्याला ते खोटं वाटलं नाही, पण एवढंसंच कारण असेल हेही त्याला पटेना. दुसऱ्या दिवशी तो कुऱ्हाड घेऊन एकटाच डोहाकडे गेला. काठावरचा चिखल न्याहाळला, झाडीत फिरला. एका बाईच्या पायांचे जुने ठसे, पावसाने अर्धे पुसलेले, एवढंच त्याला दिसलं. तो परत आला. पण पुढे बरेच दिवस सोमारी सरपणाला निघाली की तो कुठे जातेस म्हणून विचारायचा. पूर्वी विचारत नसे.

ग्रामसभा बसली. विषय कुर्माघराचा होता, तो दिव्याने लावून धरला होता. आता पुनमचा बाप तिच्या बाजूने होता. तो म्हणाला, माझी पोरगी मी परत तिथी पाठवणार नाही, दंड करा नाहीतर गावाबाहेर काढा. मग मागून कोणीतरी म्हातारा म्हणाला, "पयले सोमारीले विचारा. ते काऊन जात होती?"

सोमारी उभी राहिली. सुकलू जमिनीकडे बघत होता.

"निजाले," ती म्हणाली.

माणसं हसली. एकाने विचारलं, "अन् आखीन काय?"

"पोहाले. डोहात."

पुन्हा हसू झालं. बायांपैकी मात्र कोणी हसलं नाही. बऱ्याच जणी पदर सारखा करत होत्या. एकीने कडेवरचं पोर या बाजूचं त्या बाजूला घेतलं.

दिव्याने लगेच विचारलं, "मंग बाई, कुर्मा ठेवाचा का पाडाचा? तुमीच सांगा."

ठेवा म्हणाली असती तर पुन्हा एखादी पोर भिंतीकडेला झोपली असती. पाडा म्हणायला तिचं तोंड उघडत नव्हतं.

"पाडा," ती शेवटी म्हणाली. "पन बायांले निजाले जागा द्या."

पहिलं वाक्य सभेने धरलं. दुसऱ्यावर कोणी काही बोललं नाही, ते कशाबद्दल आहे हेच लोकांना समजलं नसावं. सुकलूने देवाला विचारायला वेळ मागितला. त्याने कोंबडं वाहिलं, दोन दिवस उपास केला आणि सांगितलं की देव नाही म्हणत नाही. मात्र बाईने घरात शिरायचं नाही, चुलीकडे जायचं नाही. पडवीत बसायचं. दिव्याने ते मानलं. गावात पहिल्यांदाच एवढं झालं होतं. झोपडी पाडली, कवेलू आणि लाकडं ज्यांना हवी त्यांनी नेली. दगड तेवढा तसाच राहिला. तो उपटायला कोणी तयार नव्हतं.

सोमारीसाठी वेगळं प्रायश्चित्त ठरलं नाही. तिने देवाला फसवलं की नाही, यावर सुकलूला निर्णय करता आला नाही. बाटलेली बाई देवाजवळ आली तर पाप, असं त्याला शिकवलेलं होतं. जी देवापासून उगाच लांब राहिली, तिच्याविषयी कोणी काही सांगितलेलं नव्हतं. तो तिच्याशी कमी बोलू लागला, एवढंच.

दिवाळीनंतर धान घरी आलं. अंगणात ते वाळत घातलं, आणि दिव्या पडवीत बसली. तिची ती तिसरी का चौथी खेप. आता तिला जंगलात जावं लागत नव्हतं, वर पत्रा होता, साप-विंचवाची भीती नव्हती, डबा थंड होत नव्हता. फक्त ती सगळ्यांच्या समोर होती. येणारा-जाणारा बघायचा आणि समजायचा. शिवायचं नाही असं सगळं सोडून जे उरतं ते काम तिला मिळायचं. शेण भरणं, काड्या फोडणं. या वेळी सासूने तिच्या हातात लांब काठी दिली होती, धानावरच्या कोंबड्या हाकलायला. "बसूनच राह्यली हायस," सासू म्हणाली.

कोंबड्या दिवसभर यायच्या. दुपारी दिव्याच्या पोटात कळा येत होत्या, तिची मान खाली जात होती आणि पुन्हा वर येत होती. सोमारी चुलीपाशी भाताला आधण ठेवत होती. ती बाहेर आली आणि पडवीच्या पायरीवर उभी राहिली.

"काय पायता बाई?" दिव्या म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. "तिथी निदान निजता येत होतं. मले म्हना ना तसं. म्हनाच एकदा."

"नाई म्हनत," सोमारी म्हणाली. तिने दिव्याच्या हातातली काठी काढून घेतली आणि पायरीवर बसली. "नीज."

सासू दारातून ओरडली, "तिले शिवली तू? आता चूल कोन पाहील?"

"तुमचा लेक पाहील. बांबू तोडाले जंगलात जाते तवा महिना महिना तोच रांधते."

कोलू ओसरीवर दोर वळत होता. त्याने मान वर केली. सासू त्याच्याकडे बघत होती, सोमारी बघत नव्हती, ती कोंबड्यांकडे बघत होती. मग तो उठला, हात धुतले आणि आत गेला. आतून आधणाचा गंज चुलीवर सरकवल्याचा आवाज आला. काही वेळाने त्याने तांदूळ कुठे ठेवलेत म्हणून विचारलं, आणि सोमारीने बसल्या जागेवरून सांगितलं.

भात कच्चा राहिला. सुकलूने तो मुकाट खाल्ला. दिव्या तोपर्यंत पडवीत पोटाशी पाय घेऊन गाढ झोपली होती, तोंडावर पदर ओढून. सोमारीने तिच्यासाठी भात झाकून ठेवायला सांगितला.